मोर्चा आधी खणतात

पुण्याच्या एक वाचक बाई आपल्या आजोबांची वही टाइप करत आहेत. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले. वहीत एके ठिकाणी लिहिले आहे, "डोंगरावर जर्मनांचे मोर्चे. पुढे जाता येईना." हे वाचून बाईंच्या कॉलेजातल्या मुलाने विचारले, जर्मन लोक डोंगरावर निदर्शने कशासाठी करत होते? म्हणून त्यांनी विचारले आहे की 'मोर्चे' काढून 'तटबंदी' घालू का, की वर्तमानपत्रात येते तशी 'संरक्षण रेषा' घालू? आणि इटलीच्या डोंगरांतल्या जर्मनांच्या 'गॉथिक लाइन'ला मराठीत काय म्हणू?

आजोबांच्या शब्दाला हात लावू नका. त्या वहीत तोच एक शब्द नेमका आहे.

मुलाची चूक नाही. त्याने मोर्चा पाहिला तो कलेक्टर कचेरीवर जाणारा, आणि 'मोर्चेबांधणी' वाचली ती तिकीटवाटपाच्या बातम्यांत. 'इच्छुकांची मोर्चेबांधणी सुरू' हे वाचले की माझे डोके उठते. बंगल्यावर खेटे घालणे, वशिला लावणे असे चांगले घरचे शब्द असताना हा कशाला? मोर्चा बांधायला कुदळ लागते, घमेले लागते.

मूळ शब्द फारसी, 'मोरचाल'. फारसीत 'मोर' म्हणजे मुंगी आणि 'चाल' म्हणजे खड्डा. मुंगीचा खड्डा! आपल्या नाचऱ्या मोराचा इथे काही संबंध नाही. तो मोर 'मोर्चेला'त आहे, देवावर ढाळतात त्या पिसांच्या चवरीत. दोन शब्द शेजारी दिसतात म्हणून त्यांना भाऊ करणारे लोक मला भेटले आहेत. मोरचाल हा शब्द मुळात तुर्की आणि मुंगीची गोष्ट मागाहून रचलेली, असे मानणारेही आहेत. मला ते पटत नाही. का, ते पर्वतीच्या उतारावर जाऊन पाहा. वळवाचा एक पाऊस पडून गेला की मुंग्या बीळ उपसतात. एकेक कण तोंडात धरून बाहेर येतात, भोकाच्या कडेला टाकतात आणि परत आत जातात. तासाभरात भोकाभोवती मातीचे कडे तयार होते. सपाटीवर ते गोल असते, पण उतारावर वरची बाजू जवळजवळ मोकळी आणि खालच्या अंगाला सगळा ढिगारा. डोंगरातला शिपाई तेच करतो. उतारात खड्डा घेतो, उपसलेली माती दरीच्या बाजूला छातीइतकी रचतो आणि त्याआड बंदूक ठेवून बसतो. ज्याने शब्द घडवला त्याने मुंगी पाहिलेली होती, हे माझे ठाम मत आहे.

आणखी एक. फारसी 'मोर'चे संस्कृतातले भावंड म्हणजे 'वम्र', मुंगी. त्याच घराण्यात 'वल्मीक' म्हणजे वारूळ आणि त्यावरून वाल्मीकी. कलेक्टर कचेरीवरचा मोर्चा आणि आदिकवी हे दूरचे नातलग निघतात! हे प्रथम कळले त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आता 'मार्च'वाले. मोर्चा इंग्रजी 'मार्च'वरून, म्हणजे कूच करण्यावरून आला, असे एका व्याख्यानात छातीठोकपणे सांगितलेले मी ऐकले आहे. साफ चूक. पेशवाईच्या कागदांत मोर्चे लागत होते तेव्हा मराठीला 'मार्च' ठाऊकही नव्हता. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात मोर्चा म्हणजे तोफा लावण्याची जागाच आहे. मग बसलेला मोर्चा चालायला कसा लागला? माझ्या मते वेढा घालणाऱ्यांमुळे. किल्ल्याखाली मोर्चे एकदाच लावून भागत नाही, ते खणत खणत पुढे न्यावे लागतात. १६६५ साली पुरंदरच्या वेढ्यात मोगलांनी आधी शेजारचा वज्रगड घेतला, मग तिथून मारा पुरंदरवर. 'मोर्चा वळवणे' म्हणजे अक्षरशः हे. 'मग त्यांनी आपला मोर्चा माझ्याकडे वळवला' असे आपण सहज म्हणतो, ती मूळची तोफ आहे. दुसरा पुरावा एका प्रत्ययात आहे. मिरवणूक कचेरीपर्यंत जाते, मोर्चा मात्र कचेरी'वर' जातो, तोफा किल्ल्यावर लागत तसाच. 'मार्च'च्या उच्चाराने मागून थोडा धक्का दिला असेल, तेवढे मी मान्य करतो.

बाईंच्या प्रश्नाकडे येतो. तटबंदी म्हणजे उभी भिंत. तिला बुरूज असतात, चर्या असतात, गोळ्या झाडायला जंग्या असतात. राजगडाची संजीवनी माची पाहा. तिथे बुरुजाला बाहेरून चिलखताची दुसरी भिंत आणि मधे अरुंद बोळ. हे सगळे रचलेले आहे. गॉथिक लाइन अशी नव्हती. अपेनाइन डोंगरांतून पश्चिमेच्या ला स्पेझियापासून एड्रियाटिकवरच्या पेझारोपर्यंत सुमारे ३२० किलोमीटर पसरलेली ती ठाण्यांची साखळी होती. खडक फोडून केलेले खंदक, मशीनगनची हजारोंवर ठाणी, काही ठिकाणी पँथर रणगाड्याचा फक्त वरचा तोफेचा घुमट जमिनीत बसवलेला. म्हणजे मोर्चेच, आपल्या माऱ्याने एकमेकांना राखणारे. आणि 'रेषा' तर मुळीच नव्हे, कारण तिला कित्येक किलोमीटरांची खोली होती. नकाशावर रेघ दिसते म्हणून डोंगरावरही रेघच असेल, असे तिथे चढून गेलेला माणूस लिहिणार नाही.

नाईक यशवंत घाडगे माणगावकडचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, बंदुकीच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवले आणि तिथेच शत्रूच्या गोळीने कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय २२. त्यांनी घेतले त्याला 'संरक्षण रेषेचा बिंदू' म्हणायचे का? त्यांनी मोर्चा घेतला.

तेव्हा वहीत 'मोर्चे' जसेच्या तसे ठेवा आणि पहिल्या ठिकाणी तळटीप द्या: 'मोर्चा, खणून केलेले लढाऊ ठाणे'. तुमच्या स्वतःच्या मजकुरात 'गॉथिक मोर्चेबंदी' लिहा. तिच्या दक्षिणेला, कॅसिनोच्या डोंगरातून गेलेली ती 'गुस्ताव मोर्चेबंदी'. मथळ्यात जागा कमी पडली तर 'गॉथिक मोर्चे' एवढेही पुरते.