मल्टिप्लेअर मोडच्या रचनेवर टीका केली की गेमिंग कम्युनिटी अंगावर का येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आवडत्या गेमच्या एका मोडमध्ये (खेळायच्या एका प्रकारात) मागे पडलेल्या टीमला सावरायला वावच मिळत नाही, एवढं तुम्ही म्हणालात. त्यावर 'स्किल इश्यू' (दोष तुझ्या कौशल्याचा), 'गिट गुड' (आधी नीट खेळायला शिक), 'झेपत नसेल तर दुसरा गेम खेळ' अशी उत्तरं आली. माझं काही चुकलं का, असं तुम्ही विचारलंय.

तो मोड मी खेळलेलो नाही, त्यामुळे तुमचा मुद्दा बरोबर की चूक हे मी ठरवू शकत नाही. पण तुम्हाला जी उत्तरं मिळाली ती मुद्द्याला नव्हतीच, तुम्हाला होती. मी बारा वर्षं टीमचे शूटर (बंदुकीच्या लढाईचे) गेम खेळतोय. अशी उत्तरं मी ऐकली आहेत आणि एके काळी दिलीही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका गेममध्ये तीन ठिकाणं ताब्यात घ्यायचा मोड होता. ज्या टीमकडे दोन ठिकाणं, तिचा स्पॉन (मेल्यावर पुन्हा उगवायची जागा) तिसऱ्या ठिकाणाच्या इतका जवळ यायचा की हरणारी टीम स्वतःच्या दारातून बाहेर पडतानाच मारली जायची. मी हे लिहिलं. पहिलंच उत्तर आलं, "रँक काय तुझा?" मी गोल्ड, म्हणजे मधल्या श्रेणीत असल्याचं सांगितलं आणि चर्चा तिथेच संपली. तीन आठवड्यांनी माझ्यापेक्षा बऱ्याच वरच्या रँकच्या एका खेळाडूने जवळजवळ तेच लिहिलं, तेव्हा लोक नकाशे काढून बोलायला लागले. स्पॉन तेच होते आणि दारही तेच. फरक फक्त बोलणाऱ्याच्या नावापुढच्या चिन्हाचा.

रँक विचारण्यात सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. एखादी बंदूक जास्त ताकदवान वाटते तेव्हा तिच्यावरचा तोड आपल्याला अजून सापडलेला नसतो, असं खूपदा होतं, आणि तिथे अनुभवी खेळाडूचं मत जड असायलाच हवं. पण मोडची रचना ही वेगळी गोष्ट आहे. बहुतेक लोक मधल्या आणि खालच्या रँकमध्ये खेळतात, आणि तिथे मोड कसा चालतो याचा साक्षीदार तिथलाच माणूस असणार. वरच्या रँकमध्ये टीम एकमेकांशी बोलत खेळतात, एकजण मुद्दाम मरतो, दुसरा मागून जातो, आणि दार फुटतं. सोलो क्यूमध्ये, म्हणजे एकटे आलेले अनोळखी चौघे एका टीममध्ये जोडले जातात तिथे, हे घडत नाही. म्हणजे "आम्हाला तर जमतं" हे खरं असूनही उत्तर होत नाही.

आता लोक एवढे चिडतात का? एकट्याच्या गेममध्ये तुम्ही 'सोपं' निवडलं तर दुसऱ्याच्या गेमला धक्का लागत नाही. मल्टिप्लेअरमध्ये तुम्ही स्वतःच दुसऱ्याच्या गेमचा भाग असता. समुद्री चाच्यांच्या गेममध्ये खजिना भरून निघालेलं तुमचं जहाज हीच कुणाची तरी संध्याकाळची मजा असते. तुम्ही "हे बदला" म्हणता, त्याला "माझी मजा काढून घ्या" असं ऐकू येतं. शिवाय ज्याने शेकडो तास घालून तो नकाशा पाठ केलाय, त्याला वाटतं की आपण कमावलेल्या कौशल्यालाच हा रचनेचा दोष म्हणतोय. ही भीती अगदी निराधार नसते, त्यामुळे त्या माणसाला मी सरसकट दुष्ट ठरवत नाही.

पण माझ्या मते खरं कारण याहून खोल आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. एखादा मोड ज्यांना नकोसा झाला, ते बहुतेक भांडत बसत नाहीत. गेम काढून टाकतात आणि जातात. मागे उरतात ते ज्यांना तो मोड मानवला ते. दोन वर्षांनी तुम्ही तिथे जाऊन "हे बरोबर नाही" म्हणता तेव्हा सगळे एकसुरात विरोध करतात आणि तुम्हाला वाटतं, सगळं जग माझ्याविरुद्ध आहे. ते सगळं जग नसतं. गळून गळून शेवटी उरलेले लोक असतात ते.

ही गोष्ट नवीनही नाही. 'अल्टिमा ऑनलाइन' हा एकाच जगात अनेकांनी मिळून खेळायचा गेम १९९७ मध्ये आला. त्यात शहराबाहेर कुणीही कुणालाही मारून लुटू शकायचं. नवख्यांचे हाल व्हायचे, आणि तक्रार करणाऱ्याला 'केअरबेअर' (मुळमुळीत, लाडावलेला) म्हणून हिणवलं जायचं. शेवटी २००० मध्ये जगाच्या दोन प्रती केल्या गेल्या. फेलुक्कामध्ये जुने नियम राहिले, तर ट्रॅमेलमध्ये संमतीशिवाय हल्ला करता येत नव्हता. बहुतेक खेळाडू ट्रॅमेलकडे गेले. इतके लोक आधी कुठे होते? तिथेच होते, मार खात होते आणि गप्प होते. ट्रॅमेलने गेमचा आत्मा घालवला असं म्हणणारे जुने खेळाडू आजही भेटतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. धोका गेला की लुटारूंपासून वाचवणारेही जातात, आणि सोबत त्यातून घडणाऱ्या गोष्टीही.

'फोर्टनाइट'चं उदाहरण तुम्हाला जवळचं वाटेल. २०१७ पासून त्यात लढता लढता भिंती आणि जिने उभारायचे असत. कालांतराने ते इतकं वेगवान झालं की नवा माणूस नेम धरेपर्यंत समोरचा चार मजले वर गेलेला असायचा. बांधकामाबद्दल कुरकुर करणाऱ्याला ठरलेलं उत्तर मिळायचं: सराव कर. मार्च २०२२ मध्ये आधी काही दिवस बांधकाम मुख्य मोडमधून काढलं गेलं, मग ते मूळ मोडमध्ये परत आलं आणि 'झिरो बिल्ड' हा वेगळा मोड कायमचा झाला. तो जोरात चालला. बांधणारे बांधत राहिले, इतरांना त्यांची जागा मिळाली.

'सी ऑफ थीव्हज'ला यासाठी जास्त वेळ लागला. २०१८ मध्ये गेम आल्यापासून लोक इतर खेळाडूंपासून मोकळा समुद्र मागत होते, आणि "चाच्यांचा गेम आहे, लुटले गेलात तर रडता कशाला" हे उत्तर ऐकत होते. 'सेफर सीज' हा तसा मोड आला डिसेंबर २०२३ मध्ये, तोही सुरुवातीला सोन्याची कमाई ३० टक्क्यांवर आणून. ही तडजोड मला आवडली. धोका पत्करणाऱ्याचा मान राहतो आणि निवांत फिरणाऱ्याला समुद्र मिळतो.

'एल्डन रिंग'मध्ये मात्र पारडं उलटं फिरलं, म्हणून ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. याच स्टुडिओच्या आधीच्या 'डार्क सोल्स' गेममध्ये एकटं खेळणाऱ्याच्या जगातही परका खेळाडू घुसून हल्ला करू शकत असे, आणि ते खुपणाऱ्याला 'गिट गुड' सुनावलं जाई. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये एकट्या खेळाडूवर त्याने स्वतः ओढवून घेतल्याशिवाय घुसखोरी होत नाही. परिणामी घुसणाऱ्याला सहसा दोन-तीन जणांच्या टोळीशी एकट्याने लढावं लागतं. मग घुसणारे तक्रार करू लागले की ही रचना एकतर्फी आहे. त्यांना काय ऐकवलं गेलं? झेपत नसेल तर घुसू नका. कम्युनिटी तीच, वाक्य तेच, फक्त माणसं बदलली. तेव्हा मला पटलं की 'गिट गुड' हे कुठल्याच बाजूचं मत नाही. ज्याला सध्याचे नियम सोयीचे असतात, तो हे वाक्य वापरतो.

टीका करणारा नेहमी बरोबर असतो असं मात्र समजू नका. 'कॉल ऑफ ड्यूटी'मध्ये कौशल्य पाहून प्रतिस्पर्धी जुळवण्यावर वर्षानुवर्षं जोरदार टीका झाली, आणि तिचा आवाज मोठा होता कारण ती करणाऱ्यांत चांगले खेळाडू आणि स्ट्रीमर बरेच होते. २०२४ मध्ये हा गेम काढणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजनने आपल्या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. कौशल्याचा निकष सैल केल्यावर बहुतांश खेळाडूंमध्ये सामने अर्धवट सोडण्याचं प्रमाण वाढलं आणि परत येण्याचं घटलं. फायदा झाला तो सगळ्यात वरच्या थोड्यांना. कंपनीचा अभ्यास आहे हे लक्षात ठेवूनही मला तो पटतो, कारण खालच्या खेळाडूंच्या वतीने बोलणारं तिथे कुणीच नव्हतं.

आणि टीकेच्या नावाखाली जे कधीकधी चालतं, ते मला सहन होत नाही. २०१३ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी' मालिकेतल्या 'ब्लॅक ऑप्स २'मधल्या काही बंदुकांचा गोळ्या झाडण्याचा वेग सेकंदाच्या अंशांनी बदलला, तर डिझायनर डेव्हिड व्हॉन्डरहार यांना आणि त्यांच्या कुटुंबाला हिंसेच्या धमक्या आल्या. अशा प्रकारांनंतर बनवणारे लोक खेळाडूंशी बोलणं कमी करतात, आणि त्याची किंमत तुमच्यासारख्या सरळ विचारणाऱ्याला मोजावी लागते.

आता तुमच्या मोडबद्दल. पुन्हा लिहायचं असेल तर "अन्याय होतो" इथून सुरुवात करू नका. पुढचे वीस सामने रेकॉर्ड करा. पहिल्या दोन मिनिटांत पुढे असलेली टीम त्यातल्या किती सामन्यांत जिंकली ते मोजा, तुम्ही जिंकलेले सामनेही धरा. आपल्या फायद्याचा सामनाही सदोष होता असं म्हणणाऱ्यावर रडल्याचा आरोप टिकत नाही. रँक विचारायच्या आधीच सांगून टाका. आणि काय काढायचं याऐवजी काय राखायचं ते आधी लिहा: घेराव घालण्यात मजा आहे, ती राहू दे, पण बाहेर पडायला दुसरी वाट हवी. मी दुसऱ्यांदा असंच लिहिलं, अकरा सामन्यांच्या क्लिपसह. चिडवणारे तेव्हाही होते. पण चार जणांनी आपापल्या क्लिप जोडल्या, आणि त्यातला एक जण पहिल्या वेळी मला रँक विचारणाराच होता.

वीस सामने झाले की आकडे इथेच खाली टाका, मी बघतो. नकाशाचं नावही लिहा, कारण दोष कधीकधी मोडचा नसतो, एखाद्याच नकाशाचा असतो.