वाचकांचे प्रश्न : पायथन २ मधला जुना प्रोग्रॅम

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाची मराठी ग्रंथसूची सांभाळणारा प्रोग्रॅम बारा-तेरा वर्षांपूर्वी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत, म्हणजे पायथन २ मध्ये लिहिलेला असून तो नव्या संगणकावर चालत नाही. पायथन ३ मध्ये रूपांतर करण्याचे तयार साधन असताना जगभरच्या प्रोग्रॅमरना या स्थलांतरासाठी इतकी वर्षे का लागली, आणि आम्ही सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : 'टू-टू-थ्री' नावाचे ते साधन 'प्रिंट' या छापण्याच्या आज्ञेची जुनी वाक्यरचना बदलून देते, परंतु प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मनातला हेतू त्याला कळत नाही. पायथन २ मध्ये ७ ला २ ने भागले की ३ मिळत असत, पायथन ३ मध्ये ३.५ मिळतात; कोणतीही त्रुटी न दाखवता उत्तर बदलते. त्याहून अवघड प्रश्न मजकुराचा आहे आणि तो मराठीत काम करणाऱ्यांच्या अगदी जवळचा आहे. पायथन २ मधली साधी अक्षरमाला (स्ट्रिंग) म्हणजे प्रत्यक्षात बाइटांची, म्हणजे संगणकाच्या साठवणीतल्या छोट्या एककांची, रांग असे. म्हणून 'मराठी' हा शब्द यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीने साठवून त्याची लांबी विचारली, तर १५ हे उत्तर येई; पायथन ३ मध्ये ५ येते, कारण तेथे म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी युनिकोड चिन्हे मोजली जातात. कोणती अक्षरमाला मजकूर आहे आणि कोणती केवळ बाइट, हे माणसालाच ठरवावे लागते.

पायथन ३.० हे ३ डिसेंबर २००८ रोजी आले, तेव्हा मूळ प्रोग्रॅम २ मध्ये ठेवून दर वेळी त्याचे रूपांतर करावे, अशी अपेक्षा होती. ती फारशी चालली नाही. प्रोग्रॅम लिहिणारे लायब्ररींसाठी, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार प्रोग्रॅम-संचांसाठी, थांबले आणि लायब्ररींचे कर्ते वापरकर्त्यांसाठी. ही कोंडी फुटली ती प्रोग्रॅमचा एकच मजकूर दोन्ही आवृत्त्यांवर चालवण्याच्या पद्धतीने. त्यासाठीच्या लायब्ररीचे नाव 'सिक्स', कारण दोन त्रिक सहा. भाषेच्या कर्त्यांनीही २०१२ मध्ये ३.३ या आवृत्तीत अक्षरमालेपूर्वीचा 'यू' (पायथन २ मध्ये युनिकोड मजकूर दाखवणारी खूण) परत आणला. हे मागे घेतलेले पाऊल मला नव्या सोयींइतकेच मोलाचे वाटते, कारण त्यामुळे हजारो ओळी न बदलता पुढे जाता आले. पायथन २.७ चा आधार २०१५ मध्ये संपायचा होता. तो २०२० पर्यंत वाढवला गेला आणि नमपाय, आयपायथन यांसारख्या पायथनवर आधारलेल्या अनेक प्रकल्पांनी तोपर्यंत जुनी आवृत्ती सोडण्याचे जाहीर वचन दिले. एप्रिल २०२० मधली २.७.१८ ही शेवटची आवृत्ती ठरली.

आपल्याला दोन्ही आवृत्त्या सांभाळायच्या नाहीत, त्यामुळे 'सिक्स'ची गरज नाही. प्रथम विदेची प्रत काढून ठेवावी आणि जुन्या संगणकावर सूची, शोध व थकबाकी यांचे निकाल फायलींत उतरवून घ्यावेत. पायथन ३.१३ मधून 'टू-टू-थ्री' काढून टाकलेले असल्याने ते ३.१२ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर चालवावे. त्यानंतर फाइल उघडण्याच्या प्रत्येक जागी यूटीएफ-८ स्पष्ट लिहावे, विशेषतः विंडोजवर. मात्र जुन्या फायली खरोखर यूटीएफ-८ मध्येच आहेत ना, हे आधी पाहावे. शीर्षक ठरावीक लांबीवर तोडणारी आणि भागाकार करणारी प्रत्येक ओळ स्वतः वाचावी. दोन्ही संगणकांवरचे निकाल जुळेपर्यंत जुना संगणक मोडीत काढू नये.