तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : अडीनडीला चांदीची नाणी

प्रश्न : ताई, आम्ही परंडा तालुक्यातले. 2025 च्या सप्टेंबरात पुराचं पाणी घरात शिरलं, सोयाबीन गेलं, रात्री लेकरं आन् कागदपत्रं घेऊन शाळेत जाऊन बसलो. हातात नगद फक्त 1100 रुपये होते. आता कसेबसे 40 हजार साठलेत. दीर म्हणतात सगळ्याची चांदीची नाणी घेऊन ठेवा, अडचणीला मोडता येतील. कोणती घेऊ आणि ठेवू कुठं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून आधी एकच वाटलं, की सगळ्याची नका घेऊ. त्या रात्री शाळेत बसल्यावर तुम्हाला लागत होतं ते दूध, औषध आणि टेम्पोचं भाडं, आणि ते कुणीच चांदीचं नाणं घेऊन देत नाही. 10 हजार घरात प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रांसोबत नगद ठेवा, 20 बँकेत, आणि राहिलेल्या 10 ची चांदी. चांदी महिन्या-दोन महिन्यांनी येणाऱ्या अडचणीसाठी असते, म्हणजे बियाणं, फी, दवाखाना.

आता घेताना विकायचा दिवस डोळ्यापुढं ठेवा, कारण सगळा तोटा तिथंच होतो. चांदीवर 3 टक्के जीएसटी लागतो, वर नाण्याची घडणावळ, आणि मोडायला गेलात की यातलं काहीच परत मिळत नाही, उलट सराफ तूट कापतो. म्हणजे भाव जाग्यावर राहिला तरी तुम्ही खाली. म्हणून लक्ष्मी-गणपतीचं नक्षीदार, डबीतलं, रंग दिलेलं नाणं नको, साधं 999 चं (म्हणजे हजारात 999 भाग चांदी), 10 किंवा 20 ग्रॅमचं घ्या. छोटी यासाठी की 3 हजाराची गरज असताना 100 ग्रॅमचं नाणं मोडावं लागू नये. बँकेकडून घेऊ नका, बँक विकते पण परत घेत नाही, आणि नेमकं तेच तर आपल्याला हवंय.

दुकानात आधीच विचारा, ‘मोड घ्याल का, आणि किती कापाल?’ उत्तर पावतीवर लिहून घ्या, सोबत वजन आणि टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध ते. मी स्वतः एकदा दिवाळीतलं नाणं पावतीशिवाय मोडायला घेऊन गेले, तर समोरच्यानं टंच न काढताच भाव पाडला आणि गरज माझी होती म्हणून मी दिलं, ते अजून जीवाला लागतं. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या दागिन्यांवरही एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख नंबर, देता येतो. मालावर तो असला तर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. लोहचुंबकानं फार कळत नाही, तो चांदीला चिकटत नाही हे खरं पण जर्मन सिल्व्हरलाही साधारण चिकटत नाही, आणि त्यात चांदी औषधालासुद्धा नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं.

आणि भाव चढतच राहील असं दिरांना वाटत असेल तर सांगा, 2011 च्या एप्रिलात चांदी एका औंसाला 49 डॉलरजवळ गेली होती, 2015 संपताना 14 वर होती. साठा करायचा, सट्टा नाही.

मोडायच्या आधी तारणाचा रस्ता बघा. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांत, 1 एप्रिल 2026 पासून, एका माणसाची 500 ग्रॅमपर्यंत चांदीची नाणी तारण घेता येतात, अडीच लाखापर्यंतच्या कर्जाला किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत. लगड किंवा विटेवर मात्र नाही. तुमची शाखा देते का ते आत्ताच विचारून ठेवा, अडचणीच्या दिवशी नको.

ठेवायचं म्हणाल तर गव्हाच्या कोठीत अजिबात नको. आपल्याकडं बायका हमखास तिथंच लपवतात, पण किडीसाठी टाकतो त्या गोळ्यांचा गॅस चांदीलाही खातो, आणि तो माणसाला तर जीवघेणा आहे, हात घालून शोधायची ती जागाच नव्हे. मऊ सुती कापडात गुंडाळा, मग झिपच्या पिशवीत, आत सिलिका जेलची एक पुडी, आणि पुराचं पाणी आलं होतं त्याच्या वरच्या उंचीला. रबर लावू नका, वर्तमानपत्रात बांधू नका, दोन्हीत गंधक असतो. मालक सोडून अजून एका भरवशाच्या माणसाला जागा माहीत पाहिजे. लॉकर घेतला तर एवढं लक्षात ठेवा, चोरी किंवा आगीत बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या 100 पटीपर्यंतच असते, पूर-भूकंपात तीही नाही.

प्रश्न : नाणी काळी पडलीत, चांदी खोटी आहे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही हो. हवेतल्या गंधकानं वर सल्फाइडचा थर धरतो, खऱ्या चांदीलाही धरतो. वजनात फरक पडत नाही म्हणलं तरी चालेल. पावडर, टूथपेस्ट, घासणी यानं मात्र खरंच चांदी झिजते. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, त्यावर नाणी, चमचाभर खायचा सोडा आणि कडक पाणी. चार-पाच मिनिटांत काळं निघतं, मग धुऊन पूर्ण कोरडी करा.

प्रश्न : आजीच्या पेटीत चारमिनारचं चित्र असलेले 7 रुपये सापडले. सराफ म्हणतो वितळवून टाकू. देऊ का? (नांदेड)

उत्तर : नका देऊ, दादा. तो आपल्या निजामाच्या राज्यातला हाली सिक्का. तेव्हा 7 हाली म्हणजे इंग्रजी 6 रुपये असा हिशोब होता. जुन्या रुपयात साधारण 82 टक्के चांदी आहे, वजन 11 ग्रॅमच्या वर, शेवटच्या वर्षांत मात्र चांदी निम्म्यावर आली. त्यामुळं 999 च्या भावानं हिशोब लावू नका, पण नुसत्या वजनावरही देऊ नका. नाण्यांचा अभ्यास असणाऱ्या दोघांना तरी वर्ष वाचून घ्यायला लावा. आणि कृपा करून ते घासू नका, जुन्या नाण्याचा तो काळसर रंगच त्याची किंमत असतो.