आयरिश केली आणि आपली जलकेली : नातं आहे का?

प्रश्न असा आलाय. एक ताई आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर काउंटीतल्या एनिस गावात राहतात. मे महिन्यात गावात 'फ्ला नूआ' या संगीताच्या उत्सवाचे बोर्ड लागले, त्यात खाली केली (तिकडची नाच-गाण्याची संध्याकाळ), सेशन (वादकांनी एकत्र बसून वाजवणं), शॅन-नोस गाणं असं बरंच काही लिहिलेलं, शिवाय त्यांची मुलगी आयरिश नाच शिकते आणि तिची पुढच्या महिन्यात कुठली तरी 'फेश' आहे. आता त्यांच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं की आयरिश केली म्हणजे संस्कृतातलीच केली, जलकेली, रासकेली मधली, म्हणजे हे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलेलं. ताई विचारतात हे खरं का, आणि नाशिकला सासूबाईंना सांगताना या सगळ्याला नुसतं महोत्सव म्हटलं तर चालेल का.

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचंही नाहीच, पण त्याला जरा वेळ लागेल.

मी शॅननला तीन वर्षं नोकरीनिमित्त होते, एनिस तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत, त्यामुळे हे बोर्ड माझ्या चांगले ओळखीचे आहेत आणि या शब्दांवर माझा जीव आहे, म्हणून जरा लांबण लागली तर समजून घ्या.

केलीपासून सुरू करू. स्पेलिंग सी-ई-आय-एल-आय, आणि उच्चार केली, कारण आयरिशमधे सी हा कायम क, पुढे ई असो की आय. (सेली म्हणणारे भारतीय मी बरेच ऐकलेत, ते चूक.) आता संस्कृतात केली म्हणजे क्रीडा, खेळ, त्यातही शृंगाराकडे झुकणारा, आणि आयरिश केलीत लोक नाचतात, हसतात, बायका-पुरुष जोडीने फेर धरतात, त्यामुळे जुळवून टाकायचा मोह होतो हे मला कळतं. पण शब्दाचं नातं बघायचं तर तो आज काय आहे हे बघून भागत नाही, तो आधी काय होता ते बघावं लागतं. आणि आयरिश केली आधी नाच नव्हतीच.

मूळ शब्द आहे 'केले', अर्थ सोबती, जोडीदार. आजही आयरिशमधे नवऱ्याला 'फॅर केले' म्हणतात म्हणजे सोबतीचा पुरुष, आणि 'ल ह्येले' म्हणजे एकत्र, सोबतीने. आठव्या शतकात तिथे कडक व्रतस्थ साधूंची एक चळवळ झाली, त्यांचं नाव 'केली दे', देवाचे सोबती. तर या सोबतीवरून केली म्हणजे सोबतीला जाणं, संध्याकाळी कामं आटपली की शेजाऱ्याच्या घरी जाऊन शेगडीपाशी गप्पा मारत बसणं. आपल्याकडे बायका म्हणतात ना, "या की एकदा बसायला", ते बसायला येणं म्हणजे अस्सल जुनी केली. उत्तरेकडे अल्स्टर भागात हा अर्थ आजही टिकून आहे, तिथली म्हातारी माणसं केलीला चाललो म्हणतात तेव्हा शेजारी गप्पांना चाललेली असतात, नाचायला नाही. बाकी भागांत याच रात्रीच्या बैठकीला वेगळे शब्द आहेत, दक्षिणेत मन्स्टरकडे 'स्कोरीख्त', डोनेगालकडे 'आर्न्याल', आणि आर्न्यालमधे रात्री उशिरापर्यंत जागत बसण्याचा भाव आहे, आपल्या जागराच्या जवळ जाणारा, देव वजा करून.

मग हा गप्पांचा शब्द नाचाला कसा चिकटला? ते अगदी तारखेनिशी सांगता येतं, आणि गंमत म्हणजे ते आयर्लंडमधे घडलेलंच नाही. 1893 साली डब्लिनला गेलिक लीग स्थापन झाली, आयरिश भाषा वाचवायला, डग्लस हाइड तिचे अध्यक्ष, तेच पुढे 1938 मधे देशाचे पहिले राष्ट्रपती झाले. या लीगच्या लंडन शाखेने 30 ऑक्टोबर 1897 ला ब्लूम्सबरीतल्या एका हॉलमधे गाणं, वाजवणं आणि नाच असा कार्यक्रम ठेवला आणि त्याला नाव दिलं केली. लंडनमधले स्कॉटिश लोक आधीपासून त्यांच्या केली-संध्याकाळी करत होते, त्यावरून ही कल्पना आली. म्हणजे घरापासून लांब असलेल्या माणसांनी, परक्या शहरात, भाड्याच्या हॉलमधे जमून त्या जमण्याला शेजारी बसायला जाण्याचं नाव दिलं. मला हे फार आवडतं. परदेशातल्या गणपतीत भाड्याच्या हॉलमधे पहिल्यांदा आरती म्हटलेली असेल त्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे हाच रस्ता 'बैठक' शब्दाने घेतलाय बघा. मूळ नुसतं बसणं, मग चार लोकांनी एकत्र बसणं, मग गाण्याची बैठक, बैठकीची लावणी. त्यामुळे मराठीत केलीची ओळख करून द्यायची तर जलकेलीकडे अजिबात जाऊ नका, बैठकीकडे जा.

आणि घरातली केली हॉलमधे कायमची गेली त्याला एक कायदाही कारण आहे. 1935 मधे आयर्लंडमधे सार्वजनिक नाचघरांचा कायदा आला, नाच ठेवायचा तर कोर्टातून परवाना काढा. कायदा सार्वजनिक जागांसाठी होता पण पाद्री आणि पोलिस मिळून तो घरच्या नाचांवर आणि चव्हाट्यावरच्या नाचांवरही चालवायला लागले, क्लेअरमधे तर हे फार झालं, जुने वादक याबद्दल शेवटपर्यंत दुखावलेले होते. स्वयंपाकघरात एक फिडल (व्हायोलिन) आणि एक कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायची छोटी पेटी) पुरत होती, मोठ्या हॉलमधे ती ऐकू कशी येणार, म्हणून मग पियानो, ड्रम, पाच-सहा बासऱ्या-फिडली अशी केली बँडं वाढली. क्लेअरचा किलफेनोरा केली बँड 1909 पासूनचा आहे, 1954, 55 आणि 56 अशी सलग तीन वर्षं ते अख्ख्या आयर्लंडमधे पहिले आले, आणि 'तुला' नावाच्या गावाचा बँड 1946 चा, या दोघांची चुरस म्हणजे आपल्या कोकणातल्या डबलबारीची आठवण यावी अशी, गावंच्या गावं वाटली गेलेली.

आणखी एक गोष्ट ताईंना बोर्ड वाचताना उपयोगी पडेल. क्लेअरमधे आज केली लिहिलेलं असलं तर तिथे बहुतेक करून सेट नाचतात, चार जोड्यांचा चौकोन, कॅलिडोनियन सेट, प्लेन सेट वगैरे. आता हे सेट मूळ क्वाड्रिल नावाच्या फ्रेंच नाचावरून आलेले, म्हणून लीगच्या सुरुवातीच्या लोकांनी ते परके ठरवून केलीतून बाहेर ठेवले होते, त्यांच्या केलीत 'वॉल्स ऑफ लिमरिक', 'सीज ऑफ एनिस' असे ओळीचे नाच चालायचे. पण क्लेअरच्या खेड्यांनी सेट सोडले नाहीत, शेवटी 1980 नंतर त्यांना सगळीकडे पुन्हा मान मिळाला आणि केलीतही ते परत आले. मला विचाराल तर खेड्यातली माणसं बरोबर होती. पिढ्यान्‌पिढ्या पायात मुरलेला नाच परका कसा?

आता फेश. हा शब्द माझा सगळ्यात लाडका, आणि व्हॉट्सॅपवाल्यांना खरं नातं हवं होतं ना, ते इथे आहे.

स्पेलिंग एफ-ई-आय-एस, आयरिशमधे एसच्या शेजारी आय किंवा ई आला की तो श, जसं शॉन, शिनेड. बरेच लोक समजतात फेश म्हणजे इंग्रजी फीस्टचाच भाऊ. नाही. फीस्ट लॅटिनमधून आला. फेश हे जुन्या आयरिशमधल्या एका क्रियापदाचं नाम आहे, त्या क्रियापदाचा अर्थ रात्र काढणं, मुक्काम करणं. आणि त्याचं मूळ तेच जे संस्कृत 'वस्' धातूचं, वसति, वास, निवास. म्हणजे आपली वस्ती! एसटीच्या स्टँडवर वस्तीची गाडी म्हणतो ना आपण, रात्री गावात मुक्काम करून पहाटे परत निघणारी, ती वस्ती आणि फेश एका मुळाच्या आहेत. पाहुणा वस्तीला राहिला म्हणतो त्यातलीच.

आता कोणी म्हणेल फेश आणि वस्ती कानाला कुठे सारखे लागतात? हाच तर मुद्दा आहे. भाषा हजारो वर्षं वेगळ्या चालल्या की आवाज बदलतात, पण कसेही बदलत नाहीत, नियमाने बदलतात. शब्दाच्या सुरुवातीला जिथे संस्कृतात व तिथे आयरिशमधे फ. वीस म्हणजे संस्कृत विंशति, आयरिशमधे 'फिहे'. वीर म्हणजे मूळ अर्थाने पुरुष, आयरिशमधे 'फॅर', आधी 'फॅर केले'मधे आला तोच. वेद म्हणजे ज्ञान, आयरिशमधे ज्ञानाला, माहितीला 'फिस'. एक उदाहरण योगायोग असेल, एवढी सगळी ओळीने योगायोग नसतात. तसंच कित्येक जुन्या शब्दांत संस्कृत श समोर आयरिश क दिसतो, शंभराचं शत तिकडे 'केद', श्वान तिकडे 'कू'. म्हणून दोन भाषांतले शब्द जसेच्या तसे जुळले, केली आणि केली, की मला आधी शंका येते, कारण खरे नातेवाईक इतक्या वर्षांनी सहसा इतके सारखे दिसत नाहीत. आणि हो, हे आपल्याकडून तिकडे गेलेलं नाही, तिकडून इकडेही आलेलं नाही, दोन्हींची आजी एक.

रात्र काढण्यावरून फेशचा अर्थ मोठ्या जमावाकडे कसा गेला तेही सांगते. टारा नावाच्या टेकडीवर जुन्या काळी राजाची फेश व्हायची, सहाव्या शतकापर्यंतच्या नोंदी आहेत, आणि अभ्यासक म्हणतात की तो राजाचं त्या भूमीच्या देवतेशी लग्न लावण्याचा विधी असावा, तिथे रात्र काढणं याचा तो अर्थ. आणि आपला उरूस? मूळ अरबीत उर्स म्हणजे लग्नच. हे नातं नाही, फक्त माणसांची सारखी चाल आहे, पण मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी दोन तास दुसरं काही केलं नाही.

पुढे 1897 पासून डब्लिनला संगीताची 'फेश क्योल' सुरू झाली (1904 मधे लेखक जेम्स जॉइसने तिथे गाण्यात तिसरं बक्षीस घेतलं होतं), 1904 मधेच अँट्रिमच्या खोऱ्यांत 'फेश ना न्ग्लान', आणि हळूहळू फेश म्हणजे स्पर्धा हा अर्थ पक्का झाला. आज नाच शिकणाऱ्या मुलीची फेश म्हणजे स्पर्धा, परीक्षक बसलेले, पाठीवर नंबर लावलेला, आईच्या हातात केसांच्या पिना.

फ्ला पटकन. स्पेलिंगमधला शेवटचा डीएच बोलत नाहीत. मूळ अर्थ मेजवानी, जुन्या आयरिश कथांमधे दारू आणि मांस वाहतंय अशा ज्या मेजवान्या येतात त्या फ्ला. 1951 मधे मलिंगार गावात वादकांनी जमून 'फ्ला ह्योल' सुरू केली, संगीताची मेजवानी, ती आता दरवर्षी ऑगस्टमधे होते, दर काही वर्षांनी गाव बदलत, 2016 आणि 2017 ला एनिसलाच होती. इथे 'क्योल'चा, म्हणजे संगीताचा, 'ह्योल' का झाला असं वाटेल, तर आपण 'घर'चं 'घरात' करताना शब्दाचं शेपूट बदलतो, आयरिशमधे तोंडही बदलतं, वर केलेचं ह्येले झालं तसंच. गावातल्या फ्लाला जवळचा मराठी शब्द जत्रा, कारण मुख्य स्पर्धा हॉलमधे चालू असतात आणि खरी गर्दी रस्त्यावर, वळचणीला उभं राहून वाजवणाऱ्यांभोवती.

आणि त्या बोर्डावरच व्हॉट्सॅप ग्रुपसाठी खरा ऐवज आहे. 'फ्ला नूआ' मधला नूआ म्हणजे नवा, संस्कृत नव, अगदी सख्खा. (हा सारखा दिसणारा आणि खराही, असे अपवाद असतात, तपासून घ्यायचे.) 'शॅन-नोस' म्हणजे जुनी रीत, वाद्याशिवाय एकट्याने गायचं आयरिश गाणं, त्यातला शॅन म्हणजे जुना, संस्कृतात सन म्हणजे जुना, त्याच मुळाचा सनातन. म्हणजे एका बोर्डावर नवाही आहे आणि सनातनही आहे, आणि आपण अडकलो कुठे तर केलीत.

सेशन हा तर सरळ इंग्रजी. क्रॅक म्हणून एक शब्द बोलण्यात येईल, मजा या अर्थी, तो आयरिश वेशात असला तरी स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडून आलेला आहे, तिकडे त्याचा अर्थ गप्पा.

आता महोत्सव. सगळ्याला महोत्सव म्हटलं की कोण कशासाठी जमलं तेच पुसलं जातं. केली म्हणजे सोबत, फेश म्हणजे मुक्काम, फ्ला म्हणजे जेवण, आपल्याकडे बैठक म्हणजे बसणं, जत्रा म्हणजे यात्रा म्हणजे जाणं. स्टेजवर काय होतं ते या नावांत नाहीच, माणसं एकमेकांकडे काय करायला आली ते आहे. मी तरी हे शब्द तसेच ठेवते, आणि मराठीत तिन्ही स्त्रीलिंगी चालवते, पार्टी, रॅली, जत्रा यांच्या चालीवर. आयरिशमधे फेश आणि फ्ला स्त्रीलिंगीच आहेत, केली मात्र पुल्लिंगी, पण मराठी कानाला तो केली जमत नाही. लिहिताना फक्त 'काल केली केली' असं टाळा, केलीला गेलो म्हणा, वाचणारा अडखळत नाही.

सासूबाईंना फोनवर सांगायचं तर असं सांगा ताई, की शनिवारी गावात केली आहे म्हणजे सगळे मिळून नाचायला जमतात, तुमच्याकडची बैठकच समजा, आणि नातीची फेश आहे म्हणजे नाचाची स्पर्धा, शब्द आपल्या वस्तीच्या मुळाचा आहे. बघायला यायचं असेल तर चांगलं महिनाभर वस्तीलाच या.