सँपलिंग शिकायचंय? आधी कार्लेसन मेझर पक्कं कर

नाशिकला एम.एस्सी. करता करता तू सँपलिंगकडे (काही बिंदूंवरच्या किमतींवरून अख्ख्या फलनाचा आकार ओळखणं) वळतोयस, म्हणून कळकळीने सांगतो: सीप या गणितज्ञाचं १९९३ चं बर्गमन अवकाशाचं (वर्तुळाच्या आतली, क्षेत्रफळावर मोजलेली विश्लेषक फलनं) घनता-प्रमेय (बिंदू किती दाट हवेत ते सांगणारं) लगेच उघडू नकोस. आधी कार्लेसन मेझर. त्यात वरची असमानता असते: मेझरने मोजलेला आकार मूळ नॉर्मच्या (अवकाशाने ठरवलेल्या फलनाच्या आकाराच्या) ठरावीक पटीबाहेर जात नाही. सँपलिंगला खालचीही लागते (तो आकार नॉर्मच्या ठरावीक पटीखाली न जाणं), आणि खरा घाम तिथेच निघतो.

मग फॉक अवकाश (अख्ख्या प्रतलावरची, भार लावून मोजलेली विश्लेषक फलनं) घे, भार ई चा −|झेड|² घात. प्रतलावर चौकोनी जाळी आख. एका घराचं क्षेत्रफळ पायपेक्षा (३.१४…) कमी असेल तर जाळीवरच्या किमतींवरून फलनाचा नॉर्म पकडता येतो, जास्त असेल तर इंटरपोलेशन (जाळीवर हव्या त्या किमती घेणारं फलन मिळणं) जमतं. बरोब्बर पाय असेल तर दोन्ही नाही! याचा धागा वायरश्ट्रासच्या सिग्मा फलनात आहे: ते जाळीच्या प्रत्येक बिंदूवर शून्य होतं. भारासकट त्याचा आकार मर्यादित राहतो, पण लहान होत जात नाही. हे गणित सार्वजनिक वाचनालयात बसून स्वतःच्या हाताने कर, नुसतं वाचू नकोस.

हार्डी अवकाशात (वर्तुळातली, पण काठावर मोजलेली विश्लेषक फलनं) मात्र असे सँपलिंग-क्रम शोधत बसू नकोस, तिथे ते नसतातच. बर्गमनमध्ये जाताना अंतर अतिपरवलयीय (हायपरबोलिक) घे. साधं अंतर वर्तुळाच्या काठाजवळ फसवतं.