नागपुरातलं जुनं नक्षीदार थिएटर वाचवायचं असेल, तर सुरुवात कुठून करावी?

जुन्या फोटोंपासून. त्यानंतर छप्पर. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचंच बघा. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली ही वास्तू. बालगंधर्व तिथे गायले. पुढे बोलपटांचा जमाना आला, ते सिनेमागृह झालं आणि त्या बदलात बाजूचे देखणे बॉक्स (खास प्रेक्षकांसाठीच्या वेगळ्या बैठका) काढून टाकले गेले. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतलं, नव्वदच्या दशकात बंद पडलं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. जुन्या वास्तूंचं जतन करणाऱ्या वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी काम हाती घेतलं तेव्हा आधी गळतं छप्पर आणि खिळखिळा झालेला सांगाडा सावरला. सोनेरी नक्षीची पाळी नंतर आली. गेलेले बॉक्स परत बांधता आले ते जुन्या फोटोंच्या आधारावर! आणि वास्तू राखायची इच्छा मालकाच्याच मनात होती. माझ्या मते ही सगळ्यात मोठी गोष्ट.

आपल्याकडे नागपुरात व्हरायटी चौक, पंचशील चौक ही नावं थिएटरांवरून पडली. झाशी राणी चौकातलं धनवटे रंगमंदिर गेलं, तिथे विदर्भ साहित्य संघाचं संकुल उभं राहिलं. त्या रंगमंदिरात ज्यांनी नाटकं केली, बघितली, त्यांच्या घरच्या अल्बममध्ये फोटो असतील, कपाटात जुनी तिकिटं असतील. ती आत्ताच स्कॅन करून ठेवायला हवीत. तुमच्या मनात जे थिएटर आहे त्याचे जिने, छत, खुर्च्या, दर्शनी भाग, सगळ्याचे फोटो आणि मापं आजच घ्या. मालकाला विश्वासात घेऊनच.

मग हेरिटेज समितीकडे अर्ज. पण नुसतं वारसा वास्तूंच्या यादीत नाव आल्यानं वास्तू वाचत नाही. शाहू महाराजांनी उभारलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत होरपळलं. ती बातमी आजही आठवली की जीव तुटतो. लाकूड, पडदे आणि वायरिंग एका छताखाली असतात, तिथे वायरिंगची तपासणी आणि अग्निशमनाची सोय आधी करून घ्या.

मालकाशी बोलताना भावनेसोबत हिशेबही घेऊन जा: सकाळी तालमी, दुपारी शाळांचे कार्यक्रम, संध्याकाळी नाटक किंवा गाणं, आणि त्यातून महिन्याला किती भाडं येईल.