जे घडलंच नाही ते लिहून लेखकाला मिळतं काय?

तुम्ही विचारलंय की लेखक गोष्टी का लिहितात, कशा लिहितात, आधी सगळं ठरवून बसतात का, आणि जे घडलंच नाही ते लिहून त्यांना मिळतं काय. मी गेली 14 वर्षं कथा लिहितेय, घर कळव्याला, नोकरी वाशीला, दिवाळी अंकांमधून मिळून 11 कथा छापून आल्यात. सगळ्या लेखकांचं मी कसं सांगणार, पण माझ्या एका कथेचं अगदी सुरुवातीपासून सांगू शकते, ती कुठून आली आणि कशी झाली, तुम्हाला त्याचाच जास्त उपयोग होईल असं वाटतं.

जांभळी नाक्याजवळ एक काकू ब्लाऊज शिवतात, आईच्या वेळेपासून आम्ही त्यांच्याकडेच जातो. दुकानात वर एक गाठोडं आहे, त्यात शिवून तयार असलेले पण कोणी न्यायलाच न आलेले ब्लाऊज, काही तर दहा-बारा वर्षांपूर्वीचे. मी एकदा सहज विचारलं, काकू हे देऊन का टाकत नाही कोणाला, जागा किती अडते, तर म्हणाल्या, "अगं माप दिलंय ना त्यांनी, दुसऱ्या कोणाला कसं देऊ?" एवढंच. मी माझी फॉल-पिकोची साडी घेतली, स्टेशनला आले, आणि पुढचे दोन महिने ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. यात गोष्ट आहे की नाही हेही तेव्हा कळत नव्हतं, नुसतं टोचत होतं.

आता दुसरी गोष्ट, हिचा त्या दुकानाशी काही संबंध नाही. मी अकरावीत असताना आम्ही जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचो, आमच्या वरच्या मजल्यावर एक वहिनी होत्या. रात्री वरून आवाज यायचे, भांडी पडल्याचे, कधी नुसतंच काहीतरी धप्पकन पडल्याचं. सगळ्या मजल्याला ऐकू यायचं आणि सकाळी सगळे दुधाच्या पिशव्या घ्यायला बाहेर आले की कोणी काही बोलायचं नाही. मे महिन्यात, ठाण्यातला मे म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये, वहिनींच्या ब्लाऊजची बाही कोपराच्या खाली असायची. माझी आई दोनदा जिना अर्धा चढून परत आलेली मी बघितलीये. तिसऱ्यांदा ती उठलीच नाही, टीव्हीचा आवाज मोठा केला तिने. मग एक दिवस टेम्पो आला आणि ते कुटुंब निघून गेलं, कुठे ते कोणालाच माहीत नाही.

या दोन गोष्टी माझ्याकडे वेगवेगळ्या पडून होत्या, मध्ये जवळजवळ वीस वर्षांचं अंतर. आणि एका सकाळी ट्रान्स हार्बरच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये, घणसोली सुटल्यावर, माझ्या एकदम डोक्यात आलं की बाहीची लांबी ही टेलरच्या वहीत लिहिलेली असते. तारखेसकट. म्हणजे बिल्डिंगमध्ये आम्हाला जे छतातून ऐकू यायचं ते त्या वहिनींच्या टेलरला आमच्याही आधी दिसलं असणार, आकड्यांमध्ये. मला त्या क्षणी गाडीतून उतरावंसं वाटलं इतकी धडधड झाली. कथा सुचणं म्हणतात ते माझ्या बाबतीत असंच होतं, नवीन काही आभाळातून पडत नाही, आधीपासून असलेल्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटतात.

पण सुचली म्हणजे लिहिता आली असं नाही. पहिला खर्डा मी वहिनींच्या तोंडून लिहिला, आणि तो खोटा होता, कारण मला त्यांचं काहीच माहीत नव्हतं, त्या रडताना काय विचार करतात हे मी सिरियलमध्ये बघितलेलंच लिहीत होते. दुसऱ्या खर्ड्यात नवऱ्यावर लिहिलं, तो इतका दुष्ट झाला की माणूसच राहिला नाही, तेही सोडून दिलं. या दोन्हींत मिळून पाच महिने गेले. मग मी दोन रविवार काकूंच्या दुकानात नुसती बसून राहिले, त्यांना सांगून, की मला एका गोष्टीसाठी तुमचं काम बघायचंय. छाती, कंबर, मुंढा, दंडघेर म्हणजे दंडाची गोलाई, बाहीची लांबी, पुढचा गळा, मागचा गळा, अस्तराचं की बिनअस्तराचं, हुक पुढे की मागे, हे सगळं त्या कसं एका ओळीत लिहितात ते बघितलं. त्यांनी दाखवलं की आत माया किती सोडायची, म्हणजे बाई जाड झाली तर उसवून मोठा करता यावा, आणि म्हणाल्या की नवीन लग्न झालेल्या मुलीला मी न सांगता जास्त माया सोडते. हे वाक्य घरी बसून मला सात जन्मात सुचलं नसतं. तिसरा खर्डा मग टेलरबाईच्या बाजूने लिहिला, बराचसा नुसत्या वहीतल्या नोंदींचा. दंडघेर 11, मग साडेदहा, मग 10. बाही 5 इंच, 5 इंच, आणि एप्रिलमध्ये एकदम 13. टेलरबाई काही विचारत नाही, लिहून घेते.

शेवट मात्र मला माहीत नव्हता. खरंच नव्हता. तुर्भ्याच्या पुढे मोबाईलवर टाईप करता करता टेलरबाईने त्या ब्लाऊजला आतून एक चोरखिसा शिवला, कोणी न सांगता, आणि त्यात 500 ची नोट आणि दुकानाचा फोन नंबर ठेवला. माझी आई लोकलने जायची तेव्हा असाच खिसा शिवून घ्यायची, तिथून तो आला हे मला नंतर लक्षात आलं. आणि तो ब्लाऊज न्यायला कोणी आलं नाही.

आता तुमचा प्रश्न, ठरवून लिहितात का. माझं असं, पण प्रत्येकाचं वेगळं असतं. इंग्लंडमधला अँथनी ट्रोलोप पोस्टात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला बसून समोर घड्याळ ठेवायचा आणि 15 मिनिटांत 250 शब्द असा हिशोब, अशा 47 कादंबऱ्या लिहिल्या त्याने. उलट प्रागमधला लेखक काफ्का, तोही विम्याच्या ऑफिसात नोकरीला, त्याने 1912 च्या सप्टेंबरमध्ये एक अख्खी कथा एका रात्रीत, एका बैठकीत लिहून काढली. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये करमणूक साप्ताहिक काढलं आणि त्यात कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने छापल्या, म्हणजे पुढचं प्रकरण हातात यायच्या आधी मागचं लोकांनी वाचलेलं असायचं, मागे जाऊन काही बदलायची सोयच नाही. मला स्वतःला दिवाळी अंकाची तारीख लागते. 1909 ला मनोरंजन मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीतल्या किती कथा केवळ संपादकाने तारीख दिली म्हणून पूर्ण झाल्या असतील! माझं तरी जुलैअखेर द्यायचंय म्हटलं की ठाणे ते वाशी तो अर्धा तास लिहायला पुरतो, एरवी महिनाभर सुट्टी असली तरी पुरत नाही.

पैशासाठी म्हणाल तर या कथेचे मला 700 रुपये मिळाले. त्यासाठी कोणी आठ महिने घालत नाही.

आणि मिळतं काय. हे मी खूप वेळा स्वतःला विचारलंय. माझी आई त्या जिन्यात अर्ध्यावर थांबली, ते आता बदलता येत नाही, ती आता नाहीये, मी तिला विचारूही शकत नाही की तू परत का आलीस. इतकी वर्षं मी तिच्यावर मनातून रागावलेली होते. कथा लिहिताना मला त्या टेलरबाईच्या जागी बसावं लागलं, जिला दिसतंय आणि तरी जी तोंडाने विचारू शकत नाही, का विचारू शकत नाही हे पानोपानी शोधावं लागलं, भीती असते, लाज असते, आपल्याच घरात उद्या काय होईल हे असतं, आणि त्या बाईला आपण विचारलं तर ती आपल्याकडे यायचीच बंद होईल हेही असतं. हे शेवटचं मला लिहीपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. वहिनी दुपारी आमच्याकडे गव्हातले खडे निवडायला यायच्या, आई आणि त्या तासभर बसायच्या, कशाबद्दलच न बोलता. तेवढं एक ठिकाण आईने त्यांच्यासाठी उघडं ठेवलं होतं असं मला आता वाटतं. जे घडलं नाही ते लिहिल्याशिवाय जे घडलं होतं ते मला दिसलं नसतं.

वहिनींच्या ओळखीची एकही खूण मी कथेत ठेवली नाही हेही सांगते, गाव बदललं, मजला बदलला, मुलगा होता तो काढून टाकला. त्या कुठेतरी असतील आणि अंक त्यांच्या हातात पडू शकतो, त्यांनी मला लिहायची परवानगी दिलेली नव्हती.

अंक आला तेव्हा काकूंना द्यायला गेले. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून म्हणाल्या वाचून दाखव, मग मी स्टुलावर बसून वाचली, मध्ये दोन गिऱ्हाईकं येऊन गेली, एक बाई उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. संपल्यावर काकू बराच वेळ बटणाचा डबा चाळत बसल्या. मग म्हणाल्या, "चोरखिसा डाव्या बाजूला असतो, तू उजवीकडे लिहिलायस, उजव्या हाताने काढायचा असतो ना बाईला, घाईत." मी तिथेच मोबाईलवर फाईल उघडली आणि डावीकडे केला.